मदत हवी आहे: टाकीचा पीएच ११ वरून हलत नाही, मग एकदम ३

टॉवेल_डाईंग: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. सांडपाण्याच्या टाकीत सल्फ्युरिक ओततोय, बराच वेळ काही फरक नाही आणि मग धाडकन ३. उद्या पाणी सोडायचंय, लवकर सांगा.

बीकर: टाकी किती लिटरची? ॲसिड किती टक्के? पाण्यात कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) की सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट)?

टॉवेल_डाईंग: ५००० लिटर. ॲसिड ९८ टक्के, ड्रममधून थेट. रिॲक्टिव्ह डाईंगचं पाणी.

बीकर: म्हणजे सोडा ॲश, त्या डाईंगमध्ये तोच वापरतात. नुसत्या पीएचवरून अल्कली किती ते कळत नाही. निव्वळ कॉस्टिकने पीएच ११ आला असेल तर १००० लिटरला ५० ग्रॅम सल्फ्युरिक पुरतं. लिटरला १ ग्रॅम सोडा ॲश असेल तरी पीएच ११ च्याच आसपास, पण तो पूर्ण मारायला १००० लिटरला ९२५ ग्रॅम लागतं. कार्बोनेटचं आधी बायकार्बोनेट होतं, मग तेही ॲसिड खात राहतं. ते संपलं की साडेचाराच्या खाली पीएच कोसळतो. ७.५ वर थांबायला निम्म्याहून थोडं जास्त पुरे.

निचरा: शिवाय ९८ टक्क्यांचं ॲसिड जड, तळाशी बसतं. मीटर वर असेल तर त्याला पत्ताच नाही. आधी १० टक्के करा, ॲसिड पाण्यात घालून. पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. टाकी ढवळत ठेवा.

ताणाबाणा: सल्फ्युरिकची कटकटच नको, ॲसेटिक वापरा. जास्त झालं तरी चाराच्या आसपास थांबतं.

निचरा: आणि सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप)? १ ग्रॅम ॲसेटिकमागे १.०७ ग्रॅम चढतो. कापडाला ठीक, टाकीला नको.

ताणाबाणा: कापडाला तर हवंच. धुतलेल्या टॉवेलवर फिनॉल्फथॅलीनचा (अल्कलीत रंग बदलणाऱ्या द्रावणाचा) थेंब टाकून बघा. गुलाबी झाला तर आत अल्कली उरलीय.

बीकर: अहो, प्रश्न टाकीचा आहे. १ लिटर नमुना घ्या, १ टक्का ॲसिड थेंबथेंब घालत ७.५ ला आणा. समजा ४६ मिली लागलं, म्हणजे ०.४६ ग्रॅम, ५००० लिटरला २.३ किलो. त्यातलं ८० टक्के आधी घाला, अर्धा तास ढवळा, मग उरलेलं बघत बघत. रंगीत पाण्यात पीएच पेपर फसवतो, मीटरच लावा.

टॉवेल_डाईंग: बरं. ब्लीचिंगच्या हायपोचं (सोडियम हायपोक्लोराइटचं) पाणीही त्याच टाकीत येतं, चालेल ना?

निचरा: हे आधी सांगायचं की! ॲसिड आत्ता थांबवा, हायपोतून क्लोरीन सुटतो. टाकीजवळ कुणाला वाकू देऊ नका. हायपोची लाईन वेगळी करा. टाकीतलं हायपो अल्कलीतच सोडियम बायसल्फाइटने मारा. उरलेलं क्लोरीन किटवर शून्य दिसेपर्यंत ॲसिडला हात लावू नका. सल्फर ब्लॅकचं (सल्फाइडवाल्या काळ्या रंगाचं) पाणी येतं का त्यात? ॲसिडने त्यातूनही विषारी वायू सुटतो.