नागपूर : पश्चिमेकडील दर्शनी भागाला अखंड काच लावावी का?

प्रश्न :
नमस्कार. नागपुरातील आमच्या दुमजली घराचे नूतनीकरण करायचे आहे. घराचे तोंड पश्चिमेला असून, दिवाणखान्याला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि बाहेरच्या भिंतींना गडद राखाडी रंग असावा, असे मुलांच्या मनात आहे. आईला मात्र उन्हाळ्याची धास्ती वाटते. सध्या कूलरवर भागते, परंतु मे महिन्यात वरच्या मजल्यावर रात्रीसुद्धा झोप लागत नाही. घर देखणेही दिसावे आणि तापूही नये, यासाठी काय करावे?

प्रतिसाद १ :
आधी कूलरचा विचार करावा. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि ती बाहेर पडण्यासाठी खिडकी उघडी लागते. न उघडणारी काच बसवली, तर खोली दमट होऊन अखेरीस एसी घ्यावाच लागेल. शिवाय पश्चिमेचे ऊन दुपारनंतर इतके तिरपे येते की छज्जा त्याला अडवू शकत नाही, आणि पडदा आतून लावल्यास उष्णता काच ओलांडून घरात आलेलीच असते. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवे. त्यासाठी खिडकीपुढे थोडे अंतर सोडून टेराकोटाची जाळी किंवा उभ्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्या बसवाव्यात. माझ्या मते अशी जाळी काचेपेक्षा अधिक शोभून दिसते. मोठी काच हवीच असेल, तर ती उत्तरेकडे घ्यावी.

प्रतिसाद २ :
वरील सल्ला योग्यच आहे, पण वरच्या मजल्याचे मूळ दुखणे गच्ची आहे. मेच्या अखेरीस नागपुरात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडत राहतो. ऊर्जा दक्षता ब्युरो या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छतातून प्रति चौरस मीटर, आतल्या-बाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंश फरकामागे १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये, अशी मर्यादा आहे, आणि नुसता स्लॅब तिच्यात बसत नाही. म्हणून स्लॅबवर उष्णतारोधक फोमचा थर आणि त्यावर पांढऱ्या चायना मोझॅकची, म्हणजे चिनी मातीच्या टाइल्सच्या तुकड्यांची, फरशी करून घ्यावी. हे काम रस्त्यावरून दिसतही नाही, तेव्हा पहिला खर्च इथेच व्हावा. गडद रंग ऊन शोषतो. तो पोर्चच्या आतल्या, सावलीतल्या भिंतीला द्यावा.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. जाळीत धूळ साचून कबुतरे घरटी करणार नाहीत ना?

प्रतिसाद १ :
जाळी आणि खिडकी यांच्यामध्ये हात घालून झाडता येईल एवढी जागा ठेवावी आणि जाळीच्या आतून बारीक तारेची जाळी लावावी. काम सुरू होण्यापूर्वीच मिस्त्रींना हे सांगून ठेवावे.