नाताळची घरची सजावट: काय टिकलं, काय मोडलं?

परवा माळ्यावरचा खोका खाली काढला. गेल्या नाताळात पोरांबरोबर केलेले मिठाच्या कणकेचे तारे त्यात होते. म्हणजे ठेवताना तरी तारे होते. आता चिकट, करडे गोळे, रंग सुटून एकमेकांना लागलेला, आणि दोन ताऱ्यांची टोकं झुरळांनी खाल्लेली.

प्रमाण सगळीकडे सांगतात तेच घेतलं होतं. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, वाटीला थोडं कमी पाणी. मळून लाटलं, कातण्यानं कापलं, दोरा ओवायला स्ट्रॉनं भोक पाडलं आणि ओटीजीत १२० अंशांवर अडीच तास ठेवलं. चूक आता कळते. लाटी भाकरीएवढी जाड ठेवली, त्यामुळं आतून ओलीच राहिली. वर वॉर्निश मारलं ते फक्त समोरून. मीठ हवेतलं पाणी ओढतंच, आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, तिथं मैद्याचं काय घेऊन बसलात!

आम्ही ख्रिस्ती नाही. पोरांच्या हौसेपायी घरात हे सुरू झालं आणि आता मलाच चटक लागलीय. तुम्ही घरी काय केलंत, त्यातलं पुढच्या डिसेंबरला काय शाबूत निघालं, ते सांगा. नुसतं देखणं नको.

न्यू शाहूपुरीतून, वय ७१

आमच्या लहानपणी विकतचं काही नव्हतंच. सुरूची फांदी आणायची आणि डालड्याच्या डब्यात वाळू भरून उभी करायची. बर्फ म्हणून गादीतला कापूस. वडील सिगारेट ओढत नसत, म्हणून शेजारच्या काकांकडून पाकिटातली चांदी वर्षभर गोळा करायची. नखानं घासून सपाट करायची आणि काडेपेटीवर, चिंचोक्यावर गुंडाळायची.

पण खरा मान दारातल्या ताऱ्याचा. बांबूच्या दहा सारख्या कामट्या लागतात. पाचांचा एक तारा, पाचांचा दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीनं आवळायची. मग मधे जिथं कामट्या एकमेकींना ओलांडतात, तिथं दोन ताऱ्यांच्या मधोमध वीतभराच्या पाच काड्या उभ्या दाबायच्या. तारा दोन्ही बाजूंनी फुगतो. वर पतंगाचा कागद. दिवाळीचा आकाशकंदील ज्याला येतो त्याला हा तारा येतो. आमच्या गल्लीत तर कंदील करणारी हिंदू पोरं आणि तारा करणारे आम्ही, कामट्या एकाच घरी तासायला बसायचो. चोवीस तारखेला रात्री वायल्डर मेमोरियल चर्चला जाताना कुणाचा तारा तिरका, कुणाचा सरळ, हे बघत जायचं. आमचा एकदा तिरका झाला होता. बहीण अजून तो विषय काढते.

कागद दरवर्षी फाडून टाकायचा, सांगाडा ठेवायचा. आमचा एक सांगाडा चौदा नाताळ चालला.

सुभाषनगरातून

आमच्यात चपलांचं काम. कापताना कातड्याचे बारके तुकडे लई पडतात. माझ्या मैत्रिणीची पोरगी म्हणाली, मावशी, झाडाला लावायला काहीतरी दे. म्हटलं, देतो की. (आम्ही कोल्हापूरच्या बायका ‘देतो’च म्हणतो, हसू नका.) दीड इंचाची चपलेची जोडी केली. रापीनं, म्हंजे कातडं कापायच्या हत्यारानं, तळ कापला, वर बारीक वेणी, अंगठा, आणि अडकवायला लाल गोंडा. मोठी चप्पल करताना हात आपोआप चालतो. एवढ्याशा अंगठ्याला मात्र डोळे फुटायची पाळी आली. एका जोडीला दोन तास गेले. एवढ्या कष्टाचे पैसे कोण देणार, म्हणून विकायचा विचारच केला न्हाई.

टिकतंय का म्हणाल तर टिकतंय. पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते, ती कोरड्या फडक्यानं पुसायची आणि तेलाचं बोट फिरवायचं. तेल जास्त झालं तर झाडाच्या कागदाला डाग पडतो.

राजारामपुरीतून, गणिताचा शिक्षक

हेर्नहूटचा तारा, म्हणजे नाताळात टांगतात तो बऱ्याच टोकांचा कागदी तारा, मुळात आमच्याच धंद्यातला. जर्मनीत नीस्की गावच्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात भूमितीच्या तासासाठी तो निघाला. पंचवीस शंकू (म्हणजे पिरॅमिड) असतात, सतरा चौकोनी तळाचे आणि आठ त्रिकोणी तळाचे. मधल्या घनाला एकूण सव्वीस बाजू. सव्विसावी टांगायला आणि दिव्याला मोकळी सोडायची.

मी कार्डपेपर म्हणून जुन्या लग्नपत्रिका वापरल्या. जाड असतात, घडी सुबक बसते. छापील बाजू आत घेतली. दिवा लावल्यावर एका शंकूतून गणपती आणि दुसऱ्यातून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ उजेडात उमटलं. तसाच ठेवला. मुलांना पिरॅमिडची जाळी (म्हणजे उलगडून सपाट केलेला आकार) एरवी दोन तास समजावून जेवढी कळत नाही तेवढी इथं कळली. तीन शंकू चुकून उलटे चिकटवल्यामुळं हे शहाणपण आलं हा भाग वेगळा.

टिकण्याबद्दल: दिवा एलईडीच घ्या. पिवळ्या बल्बनं माझा पहिला तारा आतून करपला.

कसबा बावड्यातून

उसाचे तुरे. डिसेंबरात शेतात फुकट, चंदेरी, देखणे. घरात आणू नका. चार दिवसांनी ते उडायला लागले आणि आईनं मला जिन्यात झाडू घेऊन उभं केलं. गाद्या, देव्हारा, आमटी, सगळीकडे नाताळ.

ताराबाई पार्कातून

संत्र्याच्या चकत्या. पाव इंचाच्या कापून, टिपकागदानं दाबून, ओटीजीत १०० अंशांवर तीन-साडेतीन तास, मधे उलटत. गच्चीत उन्हात वाळवल्या तर मुंग्या आधी येतात. काचेसारख्या दिसतात, वास सुरेख. पण मार्चपर्यंत काळ्या पडतात, ते धरूनच चाला.

धागाकर्तीला, म्हणजे जिनं वर प्रश्न विचारला तिला: मैदा सोडा. कॉर्नफ्लोअर आणि फेविकॉल सम प्रमाणात, चमचाभर तेल, थोडं व्हिनेगर. मंद आचेवर गोळा सुटेपर्यंत हलवायचं, मग कोमट असताना मळायचं. भाजायला लागत नाही, दोन-तीन दिवसांत सावलीत वाळतं. थोडं आक्रसतं, म्हणून भोक मोठं पाडा. ज्या भांड्यात कराल त्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. माझे पाच पक्षी तीन पावसाळे काढून अजून उभे आहेत.

रंकाळ्याजवळून, धागाकर्ती

पक्षी करून बघते. आज्जी, एक विचारायचं राहिलं. तुमच्या ताऱ्याला खळ कशाची? आमच्या कंदिलाची खळ दरवर्षी झुरळं खातात.

न्यू शाहूपुरीतून, वय ७१

मैद्याचीच, बाळ. पण शिजवून उतरवताना चिमूटभर मोरचूद घालायचो, बुक बाइंडर घालतात तसं. विषारी असतं. भांडं वेगळं ठेव, पोरांना बोटं घालू देऊ नको आणि हात साबणानं धू. सांगाडा माळ्यावर नको, खुंटीला टांग. वारा लागला की कामटीला बुरशी धरत नाही. आणि रविवारी ये, कामट्या तासून ठेवते. सुरी तुझी आण, माझी बोथट झालीय.