मदत हवी आहे: पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला नोकरी (तातडीचे)

फोंड्याची लेक
भावाचे १४ तारखेचे मोपाहून लंडनचे तिकीट काढले आहे. युरोपचा पासपोर्ट आहे. एजंट म्हणतो बिनधास्त जा, तिथे पोचलात की कामाचे कागद होतात. आता विमान कंपनी ईटीए (ब्रिटनला जाण्याआधी काढायची ऑनलाइन प्रवास-परवानगी) आहे का विचारतेय. ईटीए काढले की काम करता येते ना? कृपया लवकर सांगा, एजंट फोन उचलत नाही.

चहाबाज
युरोपचा म्हणजे कुठला? आणि काम कसले? भाऊ आधी कधी तिथे राहिला आहे का?

फोंड्याची लेक
पोर्तुगीज, अजून कुठला असणार! आमचे आजोबा १९६१ च्या आधी फोंड्यात जन्मले, त्यावरून केला. काम गोदामात. माझे दीर इंग्लंडमध्ये स्विंडनला तेच करतात, त्यांना काही एक लागले नाही.

स्विंडनचा बाळू
ताई, दीर कधी आले ते महत्त्वाचे. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडले (ब्रेक्झिट), तेव्हा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे युरोपवाले इथे राहत होते, त्यांना सेटल्ड (कायमचे) किंवा प्री-सेटल्ड (तात्पुरते) स्टेटस, म्हणजे इथे राहून काम करायचा हक्क, मिळाला. अर्जाची मुदत ३० जून २०२१ ला संपली. त्यानंतर पोर्तुगीज काय नि भारतीय काय, कामासाठी सारखेच, दोघांनाही व्हिसा लागतो. ईटीए फक्त फिरायला. गोदामाच्या कामाला व्हिसा मिळत नाही. स्किल्ड वर्करला साधारण वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो, तेवढा आमच्या सुपरवायझरलाही नाही.

जर्मनीवाला
इंग्लंडचा नाद सोडा. जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे तिथला नोकरीचा परवाना, काढा, मी २०१९ ला काढले, सहा आठवड्यांत काम झाले. भाषा मात्र आधी शिका.

चहाबाज
@जर्मनीवाला, पोर्तुगीज नागरिकाला जर्मनीत ब्लू कार्ड कशाला हो? तो युनियनचाच नागरिक आहे, उद्या जाऊन कामाला लागेल. प्रश्न तरी वाचा.

इतिहासाचा किडा
मुळात ब्रिटनचे एक पाऊल कायम दाराबाहेरच होते. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ मध्ये त्यांना युरोपच्या समूहात घ्यायला दोनदा नकार दिला, १९७३ ला कसाबसा प्रवेश, १९७५ ला लगेच सार्वमत. युरो घेतला नाही, शेंगेनमध्ये (सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) गेले नाहीत, थॅचरबाईंनी १९८४ ला भांडून वर्गणीतले पैसे परत घेतले. २०१६ च्या सार्वमतात ५२-४८ ने युनियनमधून बाहेर पडणे हे त्याचेच पुढचे पान.

लेस्टरकर
मी तेव्हा बाहेर पडायलाच मत दिले होते, आणि मला त्याची लाज नाही. तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या की युरोपवाले कमी झाले की आपल्याकडचे स्वयंपाकी आणता येतील. माझ्या मेव्हण्याचे हॉटेल आचारी नाही म्हणून आठवड्यातून दोन दिवस बंद असायचे.

स्विंडनचा बाळू
मग आले का आचारी? आणि गंमत बघा, तुम्ही भारतीय पासपोर्टवर, म्हणून कॉमनवेल्थवाले, म्हणून तुम्हाला मत होते. माझा पासपोर्ट पोर्तुगीज, मला नव्हते. माझ्या राहण्याचा निकाल तुम्ही लावलात. स्विंडननेही बाहेरच्याच बाजूने कौल दिला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना आम्हा गोंयकारांच्या टेबलावर कुणी बोलेना.

लेस्टरकर
तुम्हाला कुणी हाकलले का? सेटल्ड मिळालेच ना. उगाच भावनिक होऊ नका.

पुणेरी प्रवासी
अवांतराबद्दल क्षमस्व. आम्ही दोघे मे महिन्यात लंडन-पॅरिस करतोय, भारतीय पासपोर्ट. एकाच व्हिसावर होईल का?

चहाबाज
नाही. दोन वेगळे. नवा धागा काढा.

फोंड्याची लेक
सगळे भांडताय, माझे काय? हे सांगायचे राहिले, भाऊ २०१९ मध्ये सात महिने स्विंडनला होता. फेब्रुवारी २०२० ला बाबांच्या आजारपणासाठी आला, मग लॉकडाऊन, मग राहिलाच. त्याचा काही उपयोग?

स्विंडनचा बाळू
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचे! तेव्हा स्टेटसचा अर्ज केला होता का?

फोंड्याची लेक
नाही. तो म्हणाला पासपोर्ट आहे, अर्ज कशाला.

स्विंडनचा बाळू
मग कठीण आहे. उशिराच्या अर्जाला सबळ कारण लागते आणि २०२३ पासून ते फार कडक बघतात. त्यात मध्ये इतकी वर्षे तो बाहेर. एकदा नीट वकिलाला विचारा, एजंटला नव्हे. पण फिरायला म्हणून येऊन कामाला लागू नका. इथे मालक शेअर कोड (कामाचा हक्क दाखवणारा सरकारी कोड) मागतो, तो नसेल तर पहिल्याच दिवशी घरी.

फोंड्याची लेक
ब्रिटनच्याच उत्तर आयर्लंडमधले बेलफास्ट म्हणे अजून अर्धे युरोपात आहे. तिथून जमेल का?

बेलफास्टची सून
अर्धे युरोपात आहे ते मालासाठी, माणसांसाठी नाही. आमच्या दुकानातल्या पनीरच्या पाकिटावर 'नॉट फॉर ईयू' छापलेले असते, कारण इथून पुढे डब्लिनपर्यंत मधे कुंपण नाही. बसने जाताना फक्त रस्त्यावरच्या पाट्यांवर मैलांचे किलोमीटर होतात. पण नोकरीला बेलफास्टमध्येही लंडनचेच नियम. उलट करा. डब्लिनला जा. आयर्लंड युनियनमध्येच आहे, पोर्तुगीज पासपोर्टवर कामाला परमिट लागत नाही.

लेस्टरकर
आणि वर्षभराने तिथून गुपचूप इकडे. हेच तर आम्ही म्हणत होतो.

बेलफास्टची सून
काका, तिथून ब्रिटनमध्ये येऊन राहण्या-काम करण्याचा हक्क आयरिश नागरिकांना आहे, आयर्लंडमध्ये राहणाऱ्या पोर्तुगीजांना नाही. ताई, भावालाही हे बजावून सांगा.

फोंड्याची लेक
एजंटने आत्ता फोन उचलला. डब्लिनचे म्हटल्यावर म्हणतो, चाळीस हजार जादा, 'आयरिश नंबर' काढून देतो.

बेलफास्टची सून
एक रुपया देऊ नका. तो पीपीएस नंबर, नोकरी-करासाठी तिथे लागणारा सरकारी नंबर. तिथे पोचल्यावर स्वतः अर्ज करायचा, फी नाही. राहण्याच्या पत्त्याचा पुरावा मात्र मागतात, आणि डब्लिनमध्ये खोली मिळणे हीच खरी डोकेदुखी. ओळखीचे कुणी आहे का?

फोंड्याची लेक
नाही. दिरांना विचारते. तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, तारीख बदलून देतात म्हणे.

जर्मनीवाला
बर्लिनलाही खोल्यांची तीच रड आहे, पण लाइपझिगला बघा.