ताशा वाजला की नाचते, पण पाय दुखतात: घोडीला थांबायला कसं शिकवू?

एसटीवाला_वाई
नमस्कार मंडळी. ३१ वर्षं एसटी चालवली, लगाम कधी हातात धरला नव्हता. आता दारात घोडी आहे. पांढरी, वरातीची, दात बघून डॉक्टर म्हणाले बारा-तेरा वर्षांची. नाव मोगरी. लग्नसराई संपता संपता लंगडायला लागली, म्हणून मालकानं विकायला काढली. भाचा म्हणाला, "मामा, नेणारा कशासाठी नेतोय ते विचारू नका." मग मीच आणली.

आजार लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला ज्या पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं ते सुजतात, सुटायला लागतात आणि हाड टोकाकडून खाली झुकतं. एक्स-रेत पुढच्या दोन्ही पायांचं हाड थोडं फिरलेलं दिसलं. उभी राहते ती पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून, घाटात हँडब्रेक ओढून थांबवलेल्या गाडीसारखी.

औषध चालू आहे, चंदी म्हणजे दाण्याचा खुराक बंद आहे, पहिल्यापेक्षा बरी आहे. माझा प्रश्न वेगळा. पलीकडच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय, रोज सात ते नऊ. ताशावर पहिली काडी पडली की ही पाय उचलायला लागते. ज्या पायांवर धड उभं राहवत नाही त्याच पायांवर नाचते! कान मागं पडलेले, मान घामानं भिजलेली आणि पाय बरोबर ठेक्यात. सराव संपला की आडवी होते ती सकाळपर्यंत उठत नाही. परवा मोरकी (तोंडाला बांधलेली दोरी) धरून वर ओढली, तर दुप्पट नाचली.

थांबायला कसं शिकवायचं? आमची ही म्हणते, थांबली की गुळाचा खडा द्या. गणपतीला पाच आठवडे राहिलेत.

माथेरानचा_घोडेवाला
काका, मोरकी वर ओढू नका. नाचायला शिकवताना हेच करतात. तोंड वर धरायचं, ताशा वाजवायचा आणि नडगीवर छडी. तुम्ही मोरकी ओढली तेव्हा तिला वाटलं मालकानं हुकूम दिला. दोर सैल सोडा, हात खाली ठेवा.

आमच्याकडं बाहेरच्या मोटारी येत नाहीत, बरंचसं घोड्यावर चालतं, म्हणून खुराचं दुखणं बऱ्यापैकी बघितलंय. खुराच्या भिंतीवरच्या आडव्या रेघा बघा. पुढं जवळजवळ आणि टाचेकडं फाकत गेलेल्या असतील तर हे पहिलं दुखणं नाही, आधीही येऊन गेलंय. नालबंदाला टोक मागं घ्यायला सांगा, दर चार-पाच आठवड्यांनी, एकदम सगळं कापायला नको. खाली वीतभर रेती टाका, पाय रुततात आणि तळव्याला आधार मिळतो. फक्त वैरण रेतीवर टाकू नका. रेती पोटात गेली की पोटशूळ उठतो, मग खूर राहिलं बाजूला.

खानदेशी_रपेट
एवढं काय घाबरताय? जनावर खुशीत असलं की नाचतं. सारंगखेड्याच्या बाजारात नाचणाऱ्या घोडीला भाव जास्त.

एसटीवाला_वाई
खुशीत असती तर नंतर रात्रभर आडवी पडली नसती. सारंगखेड्याला आम्ही पण गेलोय, दत्तजयंतीच्या यात्रेला. भाव माणसं ठरवतात हो.

घोडेवालेदादा, आजच बघितल्या. चार रेघा मोजल्या. म्हणजे ती दुखऱ्या पायांनी किती वराती नाचली असेल ते माझ्यानं मोजवेना.

पशुवैद्य_पुणे
काका, आधी गुळाचं. अजिबात नाही. बऱ्याच घोड्यांत हा आजार साखरेमुळं उठतो. रक्तात इन्सुलिन वाढतं आणि त्याचा मार खुरातल्या पापुद्र्यांना बसतो. वरातीच्या घोडीला लोक कौतुकानं हरभरे, गूळ, पेढे चारतात, त्याची ही वसुली. तुमच्या भागात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तेही लोक सहज टाकतात. तेही बंद.

वाळलेलं डोंगरी गवत द्या, तासभर गार पाण्यात भिजवून आणि ते पाणी फेकून. त्यातली बरीच साखर पाण्यात उतरते. उन्हाळ्यात रात्रभर भिजत ठेवलं तर आंबतं, म्हणून तासभरच. अंदाज नको, काट्यावर मोजा. वजन साधारण ३४० किलो धरलं तर दिवसाला पाच किलो सुकं गवत, तीन-चार वेळा विभागून. पूर्ण उपाशी मात्र ठेवायचं नाही.

रोज सकाळी घोट्याच्या मागं बोट ठेवून नाडी बघा. ती ठणठण लागली आणि खूर गरम असलं तर त्या दिवशी शिकवणं नाही, चालवणं नाही, थेट डॉक्टरांना फोन. तोवर पाय बर्फाच्या पाण्यात.

आणि घरातलं उरलेलं डायक्लोफिनॅक कुणी टोचायला सांगितलं तर ऐकू नका. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे.

सई_पागा
काका, मी शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यावर असंच काम केलंय. तो फाटकाचा आवाज आला की सुटायचा. 'नाचू नको' हे घोड्याला शिकवता येत नाही. त्या जागी दुसरं काहीतरी करायला शिकवावं लागतं, आणि ते नाचता नाचता करता येणार नाही असं हवं. मान खाली घालणं सगळ्यात सोपं.

सकाळी, एकदम शांत असताना, कानांमागं हात ठेवा. दाबू नका. मान दोन बोटं खाली आली की त्याच क्षणी एक शब्द, रोज तोच. 'शाब्बास' चालेल. लगेच काकडीचा काप, किंवा मानेच्या मुळाशी, खोगीर बसतं त्याच्या पुढं, खाजवणं. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात आणि तेवढ्यानं त्यांच्या हृदयाचे ठोके खाली येतात. पाच मिनिटं झाली की बास, ती अजून मागत असली तरी.

हे पक्कं झालं की ताशाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर लावून मोबाईल पोत्यात गुंडाळायचा, वीस पावलं लांब. कान वळला पाहिजे पण पाय उचलता कामा नये, इतका बारीक आवाज. अर्धा मिनिट, मग बंद. पाय उचलला तर ती चुकली नाही, तुम्ही आवाज जास्त ठेवलात.

पाच आठवड्यांत सगळं होणार नाही. विसर्जनाच्या दिवशी परीक्षा घेऊ नका. कानात कापसाचे मोठे बोळे, वर टोपडं. शर्यतीच्या घोड्यांनाही घालतात. आणि समोर भरपूर भिजवलेलं गवत. टेंपोत घालून लांब नेऊ नका, उभ्यानं प्रवास त्या पायांना झेपणार नाही.

एसटीवाला_वाई
ताई, एक शंका. मोबाईलचा ताशा आणि खरा ताशा तिला एकच वाटेल का?

सई_पागा
नाही. म्हणूनच शेवटी खरा ताशा लागेल. पथकातलं एखादं शहाणं पोर मिळतंय का बघा.

एसटीवाला_वाई
(फेब्रुवारी) मंडळी, बरेच दिवसांनी लिहितोय.

पथकाच्या पोरांकडं गेलो. वाटलं होतं हसतील. हसले पण. मग ताशेवाले मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि त्यातला एक, बारावीतला, रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसायला लागला. काड्या नाही, नुसत्या बोटांनी ताशा वाजवायचा, पावसाच्या थेंबांसारखा. पहिले आठ दिवस फाटकाबाहेरून. मग पारावर. सतरा-अठराव्या दिवशी तो पाच पावलांवर होता आणि मोगरी मान खाली घालून माझा खिसा हुंगत होती. काकडीचा वास माझ्या सगळ्या सदऱ्यांना लागलाय, ही धुताना बोलते.

विसर्जनाला कापूस घातला. उजवा पाय दोनदा उचलला, मग मान खाली. मी रात्री एकपर्यंत शेजारी उभा होतो.

दिवाळीत मात्र घसरलो. गोठ्यात पाहुणे, शेजाऱ्यानं प्रेमानं वाढ्याचा भारा टाकला आणि मला संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. सकाळी नाडी ठणठण. डॉक्टरांना फोन केला, दोन दिवस बर्फ आणि बादल्या. शिकवणं महिनाभर बंद. आता फाटकावर पाटी आहे, 'घोडीला काही देऊ नये', आणि त्याखाली हिनं खडूनं लिहिलंय, 'लाडूसुद्धा'.

खूर वरून नीट वाढतंय. नालबंद म्हणतो महिन्याला आठ-दहा मिलिमीटर. जुन्या रेघा खाली सरकत टोकाजवळ आल्यात, दोन बोटं राहिलीत. नातू पाठीवर बसायला हट्ट करतो. डॉक्टर म्हणतात आधी पुन्हा एक्स-रे, मग बोलू. तोपर्यंत तो तिला खरारा करतो आणि मोजून गवत टाकतो. काट्याचा आकडा वहीत लिहितो, माझ्यापेक्षा चोख.

सईताई, ताशाचं जमलं. आता समोरच्या घरी पुढच्या महिन्यात हळद आहे आणि डीजे ठरलाय. ते धपधप जमिनीतून येतं, कापसानं थांबणार नाही. कुणाकडं डीजेचं रेकॉर्डिंग असलं तर पाठवा, आणि मोबाईलवर ते नीट वाजणार नाही, तर कसला स्पीकर घेऊ तेही सांगा.