मदत हवी आहे: तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगमधला हम (विजेची घरघर) काढताना पंचमच जातोय

नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) यंदाच शिकायला लागलोय. मामांच्या जुन्या कॅसेटवरचा तानपुरा लॅपटॉपवर घेतला, सेकंदाला ४४,१०० नमुने. त्यात लाइटचा हम भरलाय: ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत १००, १५०.

५० वर नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता कापणारा) लावला, तो गेला. गोची आहे १०० ला. तानपुरा काळी एकचा, म्हणजे षड्ज १३८.६ च्या आसपास आणि खालच्या पंचमाची तार साधारण १०४ वर. आधी तर दोन्ही वेगळे दिसतच नव्हते, कारण ४,०९६ बिंदूंच्या एफएफटीत (आवाजातल्या वारंवारता सुट्या करून दाखवणारं गणित) एकेक घर जवळपास १०.८ हर्ट्झचं पडतं. ३२,७६८ बिंदू घेतले तेव्हा घर १.३५ चं झालं आणि दोन शिखरं सुटी झाली.

पण नॉच जरा रुंद केला की पंचमही दबतो. मामा (तंतुवाद्यं करण्यात हयात गेलीय) लगेच म्हणाले, "तार तुटली काय रं?" अरुंद केला तर फिल्टर स्वतःच घुमत राहतो, शिवाय कॅसेटचा वेग डळमळतो तसा हमही १०० वरून सरकतो आणि नॉचमधून निसटतो.

मग ५० चाच हम संदर्भ धरून त्यावरून १०० चा माग काढणारा अडॅप्टिव्ह फिल्टर जमेल का? एलएमएस (चूक बघत फिल्टर थोडा थोडा जुळवत नेणारी पद्धत) पुरेल? की आधी वेग सरळ करून घ्यावा? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा. "अमुक ॲपमध्ये बटण दाब" नको, ते करून झालंय.