एरो हेल्मेट घ्यावं की भोकावालंच बरं? (देवळी-कळंब रोड, एकट्याने)

कृषीकेंद्रवाला_देवळी

राम राम मंडळी. देवळीत बी-बियाण्याचं दुकान आहे, वय ४३. तीन वर्षांपासून रोडबाइक चालवून राहिलो. पाचला निघायचं, भिडीवरून कळंब गाठायचं, चिंतामणीच्या पायरीला हात लावायचा, चहा प्यायचा आणि नऊच्या आत दुकानाचं शटर वर करायचं. जाऊन-येऊन साठच्या आसपास पडते. सोबतीला कोणी नाही. सरासरी २६-२७.

गेल्या ऑक्टोबरात पडलो. अर्ध्या रोडवर सोयाबीन वाळत घातलं होतं, कडेनं दगड मांडलेले, आणि अजून पुरतं उजाडलं नव्हतं. दगड चुकवला पण चाक दाण्यात गेलं. सोयाबीनचा वाळला दाणा डांबरावर म्हणजे छर्रेच. पुढचं चाक कधी गेलं समजलंच नाही. आधी टोंगळा, मग कोपर, मग कानशिलाच्या वर ठक्क. सोयाबीनवाला ओळखीचाच, बियाणं माझ्याच दुकानातून नेलेलं. मले उचलता उचलता म्हणते, "भाऊ, दाणे नालीत तं नाही ना गेले?"

हेल्मेटले बाहेरून नुसता ओरखडा होता, म्हणून तेच वापरत राहिलो. परवा धुवायले आतले पॅड काढले तर थर्माकोलले केसाएवढी भेग, कानापासून टाळूपर्यंत, उन्हाळ्यात काळ्या वावराले पडते तशी. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं की मिटते, सोडलं की उघडते. भाचा म्हणतो फेविक्विक टाका मामा.

तर नवीन घ्यायचं आहे. सहा-सात हजार काढू शकतो. भाच्यानं मोबाइलवर ते समोरून बंद, गुळगुळीत, हवा कापत जाणारं एरो हेल्मेट दाखवलं तेव्हापासून डोक्यात तेच बसलं आहे. पण माझ्या स्पीडले त्याचा काही फायदा आहे का? आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाले माहीत आहे, त्या डब्यात डोकं शिजून निघेल. दुसरं म्हणजे "प्रमाणित" कशाले म्हणायचं? एका दुकानात आयएसआयचा शिक्का दाखवून राहिले. ऑनलाइन एक ८९९ ले आहे, चुंबकानं लागणाऱ्या काचेसकट, त्यावर सीई लिहिलं आहे. वर्षाअखेरीस नागपूरची २०० किलोमीटरची ब्रेवे (ठरल्या वेळेत संपवायची लांब सायकलफेरी) करायची आहे.

आणि हो, उन्हाळ्यात मी हेल्मेटखाली दुपट्टा बांधतो. ते सोडा म्हणू नका.

संत्रागाडी_वरुड

फेविक्विक नको भाऊ! अशा गोंदानं तो फोम आणखीनच खराब होते. चार महिने तडकलं हेल्मेट घालून फिरले, नशीब समजा. तो थर्माकोल एकदाच दबण्यासाठी असते. त्यानं तुमच्या वाटचा मार खाल्ला, त्याचं काम संपलं. आता पट्टे कापून टाका, नाहीतर घरातलंच एखादं पोट्टं घालून निघंन.

पानठेल्यावर हसतात का तुम्हाले? मले अजून म्हणतात, सायकलले कोणी टोपलं घालते का बे. मी सांगतो, २००३ पर्यंत फ्रान्समधले मोठमोठे रेसरही उघड्या डोक्यानंच पळायचे. त्या मार्चमध्ये पॅरिस-नीस रेसमध्ये आंद्रेई किविलेव्ह नावाचा रेसर पडून मेला, तेव्हा कुठं सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं सक्ती केली.

फिजिक्सवाले_सर

यवतमाळहून. तुमच्याच रोडच्या दुसऱ्या टोकाला असतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो कापायला लागणारी शक्ती घनाने. कंपन्या जे वॅट छापतात ते बहुतेक ४०-४५ च्या वेगाचे, हवा सोडायच्या चाचणी-बोगद्यात मान स्थिर ठेवून मोजलेले. समजा ४० ला ८ वॅट वाचतात. तुम्ही २७ ने जाता. २७ भागिले ४०, त्याचा घन ०.३१ च्या जवळ. म्हणजे वाचले अडीच वॅट. एकूण तुम्ही सव्वाशेच्या आसपास लावत असाल, तर दोन टक्के. त्यातून वेग टक्काभरही वाढत नाही, कारण वेग वाढला की विरोधही वाढतो. २०० किलोमीटरला तुम्ही साडेसात तास पायडल मारणार, त्यातली तीन-चार मिनिटं वाचतील. एका चहाची.

आता उलटी बाजू, कारण "हळू चालवणाऱ्यांना एरोचा उपयोग नाही" हेही मी वर्गात चालू देणार नाही. वॅट कमी वाचतात, पण तुम्ही हवेत जास्त वेळ असता. त्यामुळे एवढ्याच अंतरावर ४० वाल्यापेक्षा तुमची मिनिटं कमी वाचतात असं नाही. शिवाय हिशोब रस्त्याच्या वेगाचा नाही, अंगावर येणाऱ्या हवेचा. जून-जुलैत कळंबकडे जाताना वारा छातीवर असतो. २२ ने जात असाल आणि समोरून १५ चा वारा असेल तर तुमच्या डोक्याला ३७ ची हवा लागते.

पण मला खरा घोळ तुमच्या शेवटच्या ओळीत दिसला. दुपट्ट्याचं टोक मागे सोडता की खोचता? फडफडणारं कापड म्हणजे हवेला धरून ठेवलेला हात. हजारो रुपयांचं हेल्मेट जे वाचवेल ते तुमचा दीड हाताचा सुटा पदर आधीच खाऊन बसला असेल. ढगळ टी-शर्टचंही तेच. तो आवरा, कोपर थोडे वाकवा, खांदे खाली घ्या. फुकटातला एरो आधी.

लांब शेपटीचं टाइम ट्रायलवालं (एकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीचं) मात्र घेऊ नका. मान खाली गेली की ती शेपटी हवेत उभी राहते, आणि ज्यात कान झाकतात त्यात मागचा ट्रॅक्टर ऐकू येत नाही.

ब्रेवेवाली_ताई

दादा, मी नागपूरहून ब्रेवे करते, सहाशेपर्यंतच्या झाल्या आहेत. हेल्मेट आपल्याकडच्या ब्रेवेत सक्तीचं आहे, पण एरो घाला असं कोणी म्हणत नाही. २०० ला साडेतेरा तास मिळतात, ताशी १५ पण पडत नाही. निवांत व्हाल.

आधी शिक्क्याचं. हेल्मेटचा जो आयएसआय तुम्हाला दाखवला तो आयएस ४१५१ असणार, ते मोटरसायकलच्या हेल्मेटचं मानक आहे. सायकलच्या भोकावाल्या, पाव किलोच्या टोपीवर तो दिसला तर स्टिकरवर शंका घ्या. तुम्ही आत हे शोधा: ईएन १०७८ (युरोप) किंवा सीपीएससी (अमेरिका, तिथे १९९९ पासून सक्तीचं). दोन्हीत डोक्याचा साचा हेल्मेट घालून लोखंडी ऐरणीवर पाडतात. सपाट ऐरणीवर युरोपवाले दीड मीटरवरून, अमेरिकावाले दोन मीटरवरून. दीड मीटरवरून आदळणं म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटरचा मार. परीक्षा "सायकलवरून डोकं डांबरावर आलं" याची आहे, कापसाच्या ट्रकची नाही. एरो असो की साधं, पेपर एकच. बंद दिसतं म्हणून जास्त मजबूत असं काही नसतं.

नुसतं सीई (युरोपच्या नियमात बसतं असं सांगणारा शिक्का) छापायला पैसे लागत नाहीत. खऱ्या ईएन १०७८ च्या लेबलवर बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, डोक्याचं माप सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये आणि बनवल्याचं वर्ष-तिमाही असते. ८९९ वाल्याच्या आतला फोटो मागा, काय पाठवतात बघा.

तुम्ही आडवे पडलात, डोकं घासत गेलं असणार. सरळ वरून पाडण्याच्या परीक्षेत ही पीळ बसण्याची गोष्ट मोजलीच जात नाही. मिप्सचा तो आतला पिवळा पातळ थर त्यासाठी, तो दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेट तिरकी आपटून तारे देते, आकडा जितका कमी तितकं चांगलं. यादी फुकट बघता येते. महागड्याला कमी आणि स्वस्ताला पाच तारे, असंही त्यात सापडेल.

आता दुपट्टा. रागावू नका, पण त्याच्या घड्यांवर हेल्मेट बसवलं की ते तुमच्या डोक्यावर नसून दुपट्ट्यावर असतं. पडताना कापड सरकलं की सगळंच सरकलं. मी पातळ सुती सायकल टोपी घालते, निघताना नळाखाली भिजवते. मानेला ओला रुमाल, त्याचं टोक जर्सीत. मेमध्ये आपल्याकडे आठलाच हवा पस्तिशीला येते, त्या हवेनं थंड काही वाटत नाही, घाम उडाला तरच. आणि घाम उडायला समोरून आत आणि मागून बाहेर अशी वाट हवी. म्हणून सेमी-एरो बघा: कपाळावर तीन-चार मोठी तोंडं, आत खोल पन्हाळ्या, मागे मोठं तोंड, बाकी गुळगुळीत. लेझर बुलेटसारख्या काहींत समोरची फट सरकवून बंद करता येते, डिसेंबरात पुलगाव-आर्वीकडच्या थंडीत बरं वाटतं. पूर्ण बंदवालं मी चिखलदऱ्याच्या चढावर घालून बघितलं आहे. सपाटीवर कळलं नाही. घाटांगच्या पुढे वेग ताशी आठवर आला आणि घामाची धार सरळ डोळ्यात.

कृषीकेंद्रवाला_देवळी

ताई, सर, दोघांचेही आभार. पहिली कबुली: ते ८९९ वालं मी मागवूनच बसलो होतो, लाजेनं लिहिलं नाही. आत्ता आत पाहिलं. सीई आहे. नाव नाही, साल नाही, माप "फ्री साइज". काच मात्र झकास आहे.

दुसरी गोष्ट. शिंप्याकडून फीत आणून बायकोनं डोकं मोजलं, ५९ भरलं. तीन वर्षं मी ५४-५८ वालं घालून फिरत होतो, म्हणून ते कपाळावर चढायचं आणि मी समजायचो की फॅशन आहे.

हेल्मेट मी दुकानामागच्या गोदामात खिळ्याले टांगतो. उन्हाचं टिनाखाली तापते तिथं. चालते का?

फिजिक्सवाले_सर

बिलकुल नाही! टिनाचं सोडा, तुमच्या गोदामात औषधं असतील ना? ईसीच्या (पाण्यात मिसळून फवारायच्या तेलकट औषधांच्या) बाटल्यांत झायलीनसारखी द्रावकं असतात आणि हेल्मेटचा फोम म्हणजे पॉलिस्टायरीन. थर्माकोलच्या तुकड्यावर दोन थेंब टाकून बघा, विरघळून खड्डा पडेल. गळक्या डब्याजवळ किंवा फवारणीच्या हातानं हेल्मेट धरू नका. घरात ठेवा, सावलीत.

ब्रेवेवाली_ताई

५९ असेल तर मोठी साइज, पण नुसत्या आकड्यावर घेऊ नका. काही कंपन्यांचा साचा लांबट असतो, काहींचा गोल, आणि डोकीही तशीच वेगवेगळी. कानाच्या वर दोन्हीकडून चिमटा बसतो आणि कपाळाशी जागा राहते असं झालं तर ते तुमचं नाही, कितीही एरो असो. पट्टे न लावता मागची चकती आवळा आणि मान खाली घालून हलवा. पडायला नको. भुवईच्या वर दोन बोटं. दुकानात दहा मिनिटं घालून बसा, कोणी काही म्हणत नाही.

कृषीकेंद्रवाला_देवळी

रविवारी नागपूरले जाऊन आलो. पाच घालून पाहिले. भाच्याचं आवडतं, समोरून बंद असलेलं, तिसऱ्या मिनिटाले कानशिलं दुखवायले लागलं. शेवटी सेमी-एरो, मिप्सवालं, ईएन १०७८ लेबलवर स्पष्ट, माप ५८-६२, पांढरं. बजेटच्या तीनशे वर गेलो. पांढरं एवढ्यासाठी की पहाटे ट्रॅक्टरवाल्याले दिसलं पाहिजे.

आज कळंब करून आलो. टोपी भिजवली होती, भिडीपर्यंत वाळली. सरासरी २६.८, म्हणजे होती तीच. पदर नाही म्हणून मान मात्र हलकी वाटली.

जुन्याचे पट्टे कापून काउंटरखाली टाकलं होतं. दुपारी सोयाबीनवाला आला, ते पाहून म्हणे मले द्या भाऊ, कोंबडी अंड्यावर बसवायची आहे. देऊन टाकलं.