संभाषणाशिवाय भाषा बोलता येते का?

प्रश्न: मी एक नवी भाषा केवळ ऐकून आणि वाचून शिकत आहे. मजकूर बराचसा समजतो. मात्र बोलायची वेळ आली की वाक्य जुळत नाही. ऐकत राहिल्यास बोलणे आपोआप येईल का?

प्रतिसाद: ऐकणे हा पाया आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणारी इंग्रजीभाषक मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही बोलताना व्याकरणात अडखळतात, हे पाहून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये असे मांडले की बोलण्याच्या रेट्यामुळेच शिकणारा निव्वळ अर्थाकडून वाक्यरचनेकडे वळतो.

प्रतिसाद: खरी मेख समोरच्याच्या उलट प्रश्नात आहे. आपण ‘मी उद्या गेलो’ म्हणतो आणि तो ‘उद्या जाणार, की काल गेलात?’ असे विचारतो, तेव्हा चूक आणि दुरुस्त रूप एकाच क्षणी समोर येतात. दुसरी भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक मायकेल लाँग यांचा भर अशाच देवाणघेवाणीवर होता. ध्वनिफीत काही उलट विचारत नाही!

प्रतिसाद: बाळे भाषा कशी शिकतात याच्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगात नऊ-दहा महिन्यांची अमेरिकी बाळे मँडरिन चिनी भाषेचे ध्वनी प्रत्यक्ष माणसाकडून शिकली, चित्रफितीवरून नाही. प्रौढांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नये, एवढेच.